कमी पडलेला गूळ

पारडं उचललं जात नव्हतं.

एका पारड्यात मी मांडी घालून बसलेली. समोरच्या पारड्यात गूळ. बाबांनी कोल्हापुराहून आणलेला सगळा गूळ घालून झाला होता, पोतं उलटं करून झटकूनसुद्धा झालं होतं, आणि माझं पारडं फरशीला टेकलेलं ते टेकलेलंच. पुजाऱ्याने साखळी धरून जरा हलवून बघितली. "इन्नू बेकू," म्हणाला. अजून पाहिजे.

बंगळूरच्या त्या देवळाच्या मंडपात आमची सगळी माणसं जमलेली. सासूबाई, माझा नवरा, शेजारची दोन कानडी कुटुंबं, महाराष्ट्र मंडळातल्या बायका. सगळ्या रेशमी साड्या नेसून. माझी थोरली नणंद माझ्या सात महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन पुढेच उभी होती. नणंदेला घरात सगळे इथल्या पद्धतीने अक्का म्हणतात. अक्का हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "व्याह्यांनी मुलगी बघून गूळ आणलेला दिसत नाही."

हशा झाला. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

मग ती बाबांकडे वळली. "तुम्ही तर गूळबाजारातलेच ना? तुम्हाला अंदाज असायला हवा होता."

माझे बाबा गूळबाजारात हमाल होते. जन्मभर पाठीवर गुळाचे रवे, त्या मोठाल्या ढेपा, वाहिलेला माणूस. त्या दिवशी नवी टोपी घालून आले होते, कुणाचा तरी कोट मागून आणलेला होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. खांबाशी उभे होते, रिकामं पोतं हातात. त्यांनी ते पोतं काखेत धरलं आणि हात जोडले. अक्कापुढे. माझ्या नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असलेल्या बाईपुढे माझा म्हातारा बाप हात जोडून म्हणाला, "चुकलं माजं. मला वाटलं, पोरगी हाय तशीच असंल."

मी उठायला लागले. सासूबाई ओरडल्या, "उठू नकोस! गुळाची तुला पुरी झाल्याशिवाय उठायचं नसतं. नवस अपुरा राहतो."

बसले.

"देवळाबाहेरच दुकान आहे," अक्का म्हणाली. "आणा ना घेऊन. तुम्हाला काय, उचलायची सवयच आहे."

बाबा गेले. माझा नवरा तिथेच उभा होता. धडधाकट माणूस. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि आईकडे बघून मागे घेतलं. ते पाऊल मी बघितलं.

मी पारड्यात. मुलगी भुकेने रडायला लागली. तिचा आवाज ऐकून मला पान्हा फुटला, ब्लाउज भिजला, पदर ओढून घेतला तरी ओल वर आली. बायका बघत होत्या. कानडीत काहीतरी कुजबुजत होत्या. मी खाली मान घालून माझ्या मांड्यांकडे बघत होते. दोन्ही मांड्या पारड्याच्या काठाबाहेर आलेल्या. या माझ्या आहेत, असं मला वाटेना. आणि या माझ्याच आहेत आणि यांच्यामुळे माझा बाप या परक्या गावात अनवाणी गुळाचं दुकान शोधत फिरतोय, हेही डोक्यातून जाईना.

ते आले. पाठीवर पोतं. मंडपातल्या त्या रेशमी साड्यांमधून वाट काढत, "सरका, सरका" म्हणत. बाजारात म्हणतात तसंच. मग वाकून एकेक ढेप पारड्यात ठेवायला लागले. माझ्याकडे बघेनात. शेवटी काटा हलला, माझं पारडं वर गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काय सांगू, त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

मला आई नाही. मी लहान असतानाच गेली. बाबांनी एकट्याने वाढवलं आणि बी.ए. पर्यंत शिकवलं. बंगळूरचं हे स्थळ चालून आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्या नशिबाचं कौतुक केलं. बनशंकरीला स्वतःचं घर, दोन पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घराणं, सासरे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते ते गेलेले, मुलगा त्याच कारखान्यात. मग हमालाची पोरगी कशाला हवी होती त्यांना? तर मुलाचं पहिलं लग्न मोडलं होतं. पहिली मोठ्या घरची होती, उलट बोलायची म्हणे. म्हणून दुसरी गरिबाघरची बघितली. ती मुकाट राहील हा हिशेब. आणि मी राहिले, अगदी त्यांच्या मनासारखी राहिले.

मी तेव्हा काडी होते. बाबा म्हणायचे, तुला एका हाताने उचलून ट्रकात टाकीन.

लग्नानंतर दोन वेळा माझं पोट पडलं. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात. सासूबाई रडल्या, खरंच रडल्या. मी त्यांना वाईट म्हणणार नाही त्या बाबतीत. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही. गावाला जायचा तर प्रश्नच नाही. त्या आठवड्यात शेजारच्या कानडी मावशींनी सासूबाईंना तुलेबद्दल सांगितलं. इकडे तो नवस करतात. सासूबाई देवळात जाऊन बोलून आल्या, सून सुखरूप मोकळी झाली तर तिच्या वजनाइतका गूळ घालीन.

आणि घरी येऊन म्हणाल्या, "गूळ माहेरचाच लागतो हं. आमच्यात तशीच पद्धत."

कुठली पद्धत? नवस इथला कानडी, पद्धत कोणती काढली त्यांनी, देव जाणे. पण मी विचारलं नाही. नवस त्यांचा, गूळ माझ्या बापाचा.

मी पलंगावर पडून राहिले. सासूबाई भरवत होत्या. सकाळी तुपातला शिरा, मग दूध, मग जेवण, मग चारला पुन्हा काहीतरी. "खा, दोन जिवांची आहेस." बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भातावर तुपाची धार. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? आमच्या घरात तूप सणाला. इथे ती धार थांबायची नाही, आणि ती धार धरणारी बाई मला "बाळा" म्हणायची. आई असती तर असंच केलं असतं, असं वाटून मी पुन्हा ताट पुढे करायची. पोट भरलेलं असलं तरी. ते सुख होतं माझं, आणि पुढे मला सगळ्यात जास्त लाज त्याच सुखाची वाटली.

बाबांना मधल्या काळात येणं जमलं नाही. मुलगी झाल्याचं त्यांना त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन करून कळवलं. तुलेचा दिवस ठरला तेव्हा त्याच फोनवर सासूबाईंनी सांगितलं, "मुलीच्या वजनाइतका गूळ आणा." बाबांनी विचार केला असणार. त्यांच्या डोळ्यांपुढे कोण उभी राहिली असेल? मी लग्नात होते ती. त्यांनी त्या पोरीच्या वजनाचा गूळ निवडला, वरच्या दर्जाचा, पिवळाधमक. वर आणखी थोडा टाकला म्हणे, सासरचं खाऊन अंग धरलं असेल म्हणून. आणि रेल्वेने घेऊन आले.

आता यात त्यांचं काय चुकलं, सांगा.

पण त्या दिवशी मला ते विचारायचं सुचलं नाही. त्या दिवशी मला एकच कळलं, की माझ्या अंगाने माझ्या बापाला हात जोडायला लावले.

घरी पंगत होती. बाबा जेवले नाहीत. "पोट जड हाय," म्हणाले. मी ताट घेऊन मागे गेले. ते अंगणात नळाखाली हात धूत होते, गुळाचा चिकटा निघत नव्हता. मी म्हटलं, "बाबा, दोन घास तरी." ते माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बरी हाईस ना पोरी? आजारी न्हाईस न्हवं?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणाले. संध्याकाळच्या गाडीने गेले. त्यानंतर ते बंगळूरला कधी आले नाहीत.

त्या रात्री मी स्वतःला शिक्षा सुनावली: हे अंग उतरवायचं.

ज्या हातांनी तूप वाढलं होतं ते हात आता आखडले. सासूबाई म्हणायला लागल्या, "बाळंतपणं सगळ्यांचीच होतात बाई, अशी कोणी सुटत नाही." अक्का जयनगरला राहायची, दर रविवारी यायची. तिचं एक ठरलेलं होतं: "माहेरी मिळालं नाही ना, म्हणून इथे येऊन वखवख सुटली." माझ्या नवऱ्याने वजनकाटा आणून न्हाणीघराबाहेर ठेवला. तो म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी." रविवारी सकाळी त्याच्यावर उभं राहायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. अक्का चहा पीत ऐकायची. मला कोणी बांधून उभं केलं नव्हतं. मी आपण होऊन चढायची. गुन्हेगार पोलीस ठाण्यात हजेरी द्यायला जातो ना, तशी.

सोमवार धरला, गुरुवार धरला, संकष्टी होतीच. भात सोडला. तरी अंग कमी होईना. थोडं उतरायचं, परत यायचं, आणि येताना वर आणखी घेऊन यायचं. मग मी चोरून खायला लागले. आमच्या मागच्या गल्लीत अय्यंगार बेकरी होती. मुलीला शाळेत सोडून येताना तिथे खारा बन घ्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभ्याउभ्या गिळायचा. चव कसली, डोंबलाची! कोणी बघेल या भीतीने घास घशात अडकायचा. मग घरी येऊन दार लावून रडायचं. आणि दुपारी जेवायचं नाही, प्रायश्चित्त म्हणून.

इथे शेजारीपाजारी भेटलं की पहिला प्रश्न "ऊट आयता?" जेवण झालं का? साधी विचारपूस. आपण "काय, बरं आहे ना" म्हणतो तशी. मला तो प्रश्न झडतीसारखा वाटायचा. जेवले असले तरी "नाही अजून" म्हणायची. भाजीवाला, रिक्षावाला, फुलवाली, सगळ्यांशी खोटं बोलले मी. न जेवलेली बाई म्हणून जरा तरी मान मिळेल असं वाटायचं.

एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासून बघू, ग्रंथींचा दोष असू शकतो. ते आठ दिवस मी काय सुखात काढले! देवापुढे बसून मागितलं, मला काहीतरी रोग निघू दे. रोग निघाला की मी सुटले. बाबांना कळवीन, बघा, माझी चूक नव्हती, रोग होता. तपासणी आली. काहीही निघालं नाही. सगळं ठीक. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले. बाजूच्या बाईला वाटलं, मला काहीतरी भयंकर झालंय. तिने पाणी दिलं मला.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा पुन्हा दिवस राहिले.

आणि मी ठरवलं, या वेळी नाही. या वेळी कोणी मला हसणार नाही. या वेळी बाबांची मान खाली जाऊ देणार नाही.

सकाळी चहा. दुपारी वाटीभर ताकभात. रात्री मी सगळ्यांना वाढायची आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी बसायची, तशी आमच्याकडे पद्धतच होती. माझ्या वाट्याच्या पोळ्या कुस्करून मागच्या भिंतीवर, सकाळी कावळ्यांना. उलट्या होत होत्या तोवर सोपं गेलं. नंतर भूक लागायची, अशी लागायची की हात थरथरायचे. मी पाणी प्यायची आणि पोटावर हात ठेवून म्हणायची, थांब जरा. कुणाला सांगत होते मी, थांब म्हणून?

आणि घरात माझं कौतुक सुरू झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "या वेळी कशी छान दिसतेयस." "चेहरा बघ, पूर्वीसारखा." अक्का म्हणाली, "मनावर घेतलं की होतं बघ." रविवारी काट्यावर आकडा वाढत नव्हता, एकदा तर उतरला. नवरा हसून म्हणाला, "शाब्बास." त्या शाब्बासकीने मला जेवल्यासारखं वाटायचं.

सातव्या महिन्यात तपासायला गेले. सासूबाई सोबत. डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "डॉक्टर, या वेळी तिने फार छान सांभाळलंय. बघा ना, वजन अजिबात वाढू दिलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेप गुंडाळली. त्या मराठी समजायच्या पण बोलायच्या हिंदीत. "बच्चा बढ़ नहीं रहा है," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "क्या खाती हो? सच बोलो."

मी सासूबाईंकडे बघितलं. काय खाते हे सांगायलाही मला त्यांची परवानगी लागत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. कावळ्यांचंही. त्या भडकल्या. "पढ़ी-लिखी हो ना? बच्चे को भूखा मारोगी?" मी ऐकून घेतलं. इतकी वर्षं खाल्लं म्हणून बोलणी खाल्ली, आता खाल्लं नाही म्हणून. पण त्यांचं शेवटचं वाक्य आत घुसलं आणि तिथेच राहिलं. भुकेनं मारणार. मी हमालाची पोरगी. आमच्या घरात भूक काय ते मला माहीत होतं. बाबांनी स्वतः उपाशी राहून मला खाऊ घातलं, आणि मी भरल्या घरात बसून पोटातल्या पोराला उपाशी ठेवलं. कशासाठी? चार बायकांनी हसू नये म्हणून.

परत येताना रिक्षात सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी तर तुला कधीच खाऊ नको म्हटलं नव्हतं बाई."

खरं होतं ते. शब्दाने त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. कोणीच म्हटलं नव्हतं. खा म्हणून सांगणारेही तेच, हसणारेही तेच, आणि आता हात वर करून मोकळे होणारेही तेच. चूक फक्त एकटीची, माझी. आणि त्याआधी बाबांची. मला वाटलं, रिक्षातच किंचाळावं. मी गप्प बसले, पण ते गप्प बसणं रोजचं नव्हतं. आत काहीतरी पेटलं होतं आणि मी ते विझवत नव्हते.

अक्का त्या दिवशी आलीच होती. रात्री मी पोळ्या केल्या, कांद्याची आमटी, वांग्याची भाजी, भात. टेबलावर सगळं मांडलं. त्यांची तीन ताटं वाढली. मग चौथं ताट घेतलं, त्यात तीन पोळ्या, भाजी, भात, भातावर तूप घेतलं, आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले. मुलगी आधीच जेवून झोपली होती. नवऱ्याने घास तोंडाशी नेता नेता थांबवला.

मी जेवायला लागले.

अक्काला डॉक्टरांचं काही सांगितलं नव्हतं अजून. तिने माझ्या ताटाकडे बघितलं. "अगं, स्वल्प, जरा बघून," म्हणाली, हसतच. "बाबांना या वेळी ट्रकच आणायला सांग."

मी तोंडातला घास चावला. नीट चावला, गिळला, पाणी प्यायले. मग म्हटलं, "अक्का, माझ्या बाबांची माफी मागा."

"काय?"

"माझ्या बाबांची माफी मागा. कोल्हापूरला फोन करून. उद्या."

नवरा म्हणाला, "जेवताना कशाला हे?"

"जेवतानाच. ते त्या दिवशी जेवले नव्हते."

मी पुढचा घास घेतला. मग सासूबाई म्हणाल्या, "देवाचं होतं ते, नवस होता. त्यात माफी कसली?"

  मी थांबले नाही. "नवस तुम्ही केलात. पलंगावर निजवून भरवलंत तुम्ही. मंडपात हसलात तुम्ही. आणि चुकलं कोण म्हणालं? तो म्हातारा. त्याने लेकीला डोळ्यांपुढे आणून गूळ आणला, त्याला तुम्ही सगळ्यांसमोर ओझं उचलायला पाठवलंत. आणि तुम्ही," नवऱ्याकडे बघून म्हटलं, "तुम्ही एक पाऊल टाकलंत आणि मागे घेतलंत. मी बघितलं होतं."

त्याने ताटाकडे बघितलं.

"पोटातलं पोर वाढत नाहीये," मी म्हटलं. "मी उपाशी राहिले म्हणून. ते पाप माझं आहे, मी भोगीन. पण आजपासून माझ्यावर कोणी नवस बोलायचा नाही. मी कुठल्या पारड्यात बसणार नाही. आणि तो काटा उद्या घराबाहेर गेला पाहिजे."

अक्का उठली. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," म्हणाली आणि हात न धुताच चपला घातल्या. सासूबाई तिच्यामागे दारापर्यंत गेल्या. मी बसूनच होते. ताटात दोन पोळ्या उरल्या होत्या, त्या खाल्ल्या. भात खाल्ला. प्रत्येक घासाला अपराधी वाटत होतं, अगदी चोरून खाताना वाटायचं तसंच. ते काही एका रात्रीत गेलं नाही. तरी खाल्लं. अपराधी वाटायचं थांबेल आणि मग जेवीन असं म्हणत बसले असते तर पोर गेलं असतं.

मुलगा झाला. दिवसांच्या आधी आणि मुठीएवढा. कित्येक दिवस काचेच्या पेटीत होता. मी बाहेर बसून असायची. जगला तो. आजही तो अंगाने लहानखुरा आहे, सर्दी झाली तरी महिना महिना जात नाही. त्याची ती बारीक मनगटं दिसली की मला आत काहीतरी टोचतं. त्यातला माझा वाटा मी कधी नाकारला नाही. पण सगळाच वाटा माझ्या पदरात बांधायला मी आता तयार नाही.

आणि मी बारीक झाले का? नाही. तुम्हाला वाटत असेल, गोष्टीच्या शेवटी ही बारीक होणार. दोन बाळंतपणांचं अंग माझ्यावर आहे, अजून आहे. जिना चढताना दम लागतो. डॉक्टर चालायला सांगतात, मी चालते. पण कुणाला आकडा सांगत नाही. दवाखाना सोडला तर त्यानंतर मला काट्यावर कोणी चढवलेलं नाही. घरात सगळ्यांबरोबर बसून जेवते. कोणी "ऊट आयता?" विचारलं की "आयतू" म्हणते. झालं. जेवले.

बाबांना फोन कोणीच केला नाही. मीच केला. म्हटलं, बाबा, त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. ते म्हणाले, "आगं, कवाचं काय घिऊन बसलीस." एवढंच. पण त्यांच्या आवाजावरून मला कळलं, ते विसरलेले नव्हते. माझ्या तोंडून ऐकून भागणार नव्हतं. ज्यांच्यापुढे हात जोडले त्यांच्या तोंडून ते ऐकायला हवं होतं. ते न ऐकताच बाबा गेले.

अक्का अजून येते. दिवाळीला येते, गौरीला येते. मी तिचा मान ठेवते, गरम गरम वाढते, आग्रह करते. आणि तिचं जेवण झालं, की तिच्यासमोर बसून विचारते, "अक्का, माझ्या बाबांचं काय चुकलं होतं?"

पहिल्यांदा ती चिडायची. मग रडायची. आता नुसती तोंड फिरवते. "ते गेले की गं," म्हणाली मागच्या वेळी, "आता कोणाची माफी मागू?"

"माझी मागा," मी म्हटलं. "त्यांचं वजन मीच वाहतेय."

तिने मागितली नाही. न मागू दे. नवरा म्हणतो, सोड आता, म्हातारी झाली ती. सासूबाई गेल्या तेव्हा लोक म्हणाले, आता तरी विसर. मी विसरणार नाही आणि सोडणार नाही. ती येईल तेव्हा मी तिला पोटभर वाढीन आणि प्रत्येक वेळी विचारीन. ती मरेपर्यंत विचारीन, आणि मी आधी गेले तर माझी मुलगी विचारेल. तिला मी सगळं सांगून ठेवलंय.